प्रश्नावलीत आठपैकी दोनच गुण, तरी झोपेची तपासणी करून घ्यावी का? (मधुमेह आहे, वजन जास्त आहे)

पहाटपाच

जरा लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या.

वय ४७. टाइप २ मधुमेह सात वर्षांपासून. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. शेवटचं एचबीएवनसी (गेल्या तीनेक महिन्यांच्या सरासरी शुगरचा अंदाज) ६.९, म्हणजे डॉक्टर खूश. बीपीची एक गोळी. बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) ३३. एकटी राहते, हे पुढे महत्त्वाचं आहे म्हणून आत्ताच सांगते.

गेलं वर्षभर असं चाललंय की रात्री दहाला आडवी होते, सकाळी सहाला उठते आणि उठल्यावर वाटतं, आता कुठे झोपायला हवं. रात्रीतून दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं. सकाळी डोकं जड, दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखं; तासाभरात आपोआप उतरतं. दुपारी कॉम्प्युटरसमोर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचते तरी डोक्यात शिरत नाही. आणि एक गंमत म्हणजे झोपताना शुगर १३०-१४० असते आणि मध्ये काहीही न खाता सकाळी १६० च्या पुढे गेलेली असते.

हे सगळं मधुमेहाच्या डॉक्टरांपुढे मांडलं. झोपेत श्वास अडण्याचा त्रास, म्हणजे स्लीप ॲप्निया, असण्याची शक्यता किती ते बघायला त्यांनी आठ प्रश्नांचा कागद काढला, स्टॉप-बँग म्हणतात त्याला. पहिलाच प्रश्न, बंद दाराबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने घोरता का? मी म्हटलं, दाराबाहेर कुणी असतं तर विचारून सांगितलं असतं. ते हसले आणि 'नाही'वर खूण केली. झोपेत श्वास थांबल्याचं कुणी पाहिलंय का? पुन्हा तेच, पुन्हा 'नाही'. टेपने मान मोजली, ३८ सेंटिमीटर. शेवटी गुण आले दोन. "धोका कमी आहे. वजन उतरवा, झोप सुधारेल." वजन उतरवा हे मी मधुमेहाच्याही आधीपासून ऐकतेय, त्यामुळे त्यात मला नवीन काही सापडलं नाही.

तर, दोन गुण म्हणजे विषय खरंच संपला का? हट्ट धरून तपासणी करून घ्यावी का? घ्यायचीच तर घरी यंत्र देतात ती पुरते की लॅबमध्ये जाऊन झोपावं लागतं? की ही सगळी मधुमेहाचीच लक्षणं आहेत आणि मी उगाच नवं खूळ डोक्यात घेतलंय? ॲप्निया निघाला तर मशीनचा मास्क लावून झोपायच्या कल्पनेनेच मला घाम फुटतो, पण ते पुढचं पुढे.

सहज_डोकावलो

ताई, एवढं टेन्शन घेऊ नका. हल्ली घड्याळंच सांगतात झोपेत श्वास अडतोय का ते. माझ्या घड्याळाने अजून काही इशारा दिलेला नाही, त्यामुळे मी निवांत आहे. एक घेऊन टाका. शिवाय घोरणं रेकॉर्ड करणारी ॲप फुकट मिळतात.

तारजोड्या

मी स्लीप लॅबमध्ये रात्रपाळीचा टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण झोपेत माणूस काय काय करतो हे त्याच्यापेक्षा मला जास्त ठाऊक असतं, कारण तो झोपलेला असतो आणि मी जागा.

आधी तुमच्या दोन गुणांचा हिशेब लावू. कागदावरचे आठ प्रश्न म्हणजे घोरणं, दिवसाचा थकवा, श्वास थांबलेला कुणी पाहिलाय का, बीपी, बीएमआय ३५ च्या वर, वय ५० च्या वर, मानेचा घेर ४० सेंटिमीटरच्या वर आणि पुरुष असणं. तुमचा बीएमआय ३३, वय ४७, मान ३८ आणि तुम्ही बाई. चार गुण इथेच गेले. घोरणं आणि श्वास थांबणं हे दोन साक्षीदाराशिवाय मिळत नाहीत आणि तुमच्याकडे साक्षीदार नाही. राहिले थकवा आणि बीपी. ते दोन्ही तुम्हाला मिळाले. मिळण्यासारखे होतेच दोन, त्यातले दोन्ही घेऊन तुम्ही बाहेर पडलात. त्या कागदावर 'माहीत नाही' अशी चौकट नसते, म्हणून न पाहिलेलं सगळं 'नाही'च्या खात्यात जमा होतं.

आता हाच कागद कुणाच्या हातात दिलाय तेही बघायला हवं. २००९ मध्ये अमेरिकेतल्या स्लीप अहेड नावाच्या अभ्यासाचे आकडे आले. लठ्ठपणा आणि टाइप २ मधुमेह दोन्ही असलेल्या ३०६ जणांची झोप यंत्र लावून तपासली होती. ८६ टक्के लोकांत तासाला पाच किंवा त्याहून जास्त वेळा श्वास अडत होता, आणि निम्म्याहून अधिक लोक मध्यम किंवा तीव्र गटात मोडत होते. ती मंडळी तुमच्याहून वयाने आणि वजनानेही जास्त होती, तेव्हा ८६ चा आकडा जसाच्या तसा स्वतःला चिकटवून घेऊ नका. पण ज्या गटात मुळातच एवढ्या जणांना हा त्रास आहे, तिथे कागदाने 'धोका कमी' म्हटलं तरी तो कमी कितपत, हा प्रश्न उरतोच.

पडद्यावर हे कसं दिसतं ते सांगतो. नाकाशी एक बारीक नळी असते, तिची रेघ म्हणजे श्वासाची ये-जा. छातीला एक पट्टा, पोटाला एक पट्टा. माणूस उताणा झोपलाय, घोरतोय, माइकची रेघ थरथरतेय. मग घोरणं एकदम थांबतं. घरच्यांना वाटतं, चला, शांत झोपला. इकडे नाकाची रेघ सपाट झालेली असते. पट्टे मात्र हलत असतात, तेही उलटसुलट: छाती आत जाते तेव्हा पोट बाहेर येतं. म्हणजे माणूस श्वास ओढतोय, पण घशात वाट बंद आहे. ओल्या कागदी नळीतून जोरात ओढलं की ती आतल्या आत चिकटते, तसं. दहा सेकंदांच्या वर गेलं की आम्ही ते मोजतो. तीस-चाळीस सेकंदही जातात. बोटावरचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, लगेच पडत नाही, कारण फुप्फुसातलं रक्त बोटापर्यंत पोचायला वेळ लागतो. श्वास परत सुरू झाला तरी आकडा अजून घसरतच असतो. मग मेंदूच्या लहरी एकदम दाट होतात, एक जोराचा फुरका, नाडी वाढते, वाट उघडते. दोन-चार श्वास बरे जातात आणि पुन्हा तेच. सकाळी विचारलं तर उत्तर येतं, "छान झोप लागली, मध्ये जागच आली नाही."

असे प्रसंग तासाला पाचपेक्षा कमी असतील तर नॉर्मल, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. तीस म्हणजे रात्रभर दर दोन मिनिटांनी एक.

तुमच्या लघवीबद्दल. मधुमेह असला की रात्री लघवीला उठण्याचं खापर शुगरवर फुटतं आणि पुढे कुणी विचारत नाही. शुगर रक्तात साधारण १८० च्या वर गेली की लघवीत उतरायला लागते आणि पाणी ओढून नेते. पण मग तो त्रास दिवसाही व्हायला हवा. तुमचं एचबीएवनसी ६.९ आहे. दिवसा लघवी नेहमीसारखी आणि रात्रीच फेऱ्या, असं असेल तर घशाकडे बघावं लागतं. बंद वाटेविरुद्ध श्वास ओढताना छातीत जी ओढ तयार होते, तिने हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो. हृदयाला वाटतं, अंगात पाणी जास्त झालं. ते एक संप्रेरक सोडतं आणि मूत्रपिंडं रात्रभर पाणी बाहेर काढत बसतात. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध आहे का, हेही एकदा बघा. तसं असेल तर कारण तिथेही असू शकतं.

सकाळची वाढलेली शुगर नुसत्या पहाटेच्या संप्रेरकांमुळेही असते, ती ॲप्निया नसलेल्यांतही दिसते. पण दर फुरक्याबरोबर अंगात ॲड्रिनलिनची एक लाट येते, त्याने यकृत साखर सोडतं आणि इन्सुलिनचा जोर कमी पडतो. दोन्ही कारणं एकाच वेळी असायला काहीच हरकत नाही.

घरी की लॅबमध्ये, यावर माझं मत आहे आणि ते आमच्या धंद्यामुळे एकतर्फी आहे असं कुणी म्हणेल तर म्हणो. घरची तपासणी चांगली आहे. नळी, पट्टा, बोटावरचं सेन्सर, बस्स. ती 'आहे' म्हणाली तर बहुतेक वेळा आहे. घोळ होतो ती 'नाही' म्हणते तेव्हा. घरच्या यंत्राला सहसा मेंदूच्या तारा नसतात, त्यामुळे तुम्ही झोपलात कधी ते त्याला कळत नाही. यंत्र चालू होतं तो सगळा वेळ ते झोपेत धरतं. समजा सात तास यंत्र चाललं आणि ५६ वेळा श्वास अडला, तर तासाला ८. पण त्यातले तीन तास तुम्ही छताकडे बघत पडला होता, झोप चारच तास झाली, तर खरा आकडा १४. शिवाय ज्या प्रसंगात ऑक्सिजन फारसा पडत नाही, नुसती झोप मोडते, ते घरच्या यंत्राला दिसतच नाहीत.

बायकांच्या बाबतीत हे जास्त खटकतं. त्यांच्यात श्वास पूर्ण बंद पडण्यापेक्षा अर्धवट अडणं जास्त, आणि बराचसा खेळ रेम झोपेत, म्हणजे स्वप्नं पडतात तेव्हा चालतो. रेम झोप जास्त करून रात्रीच्या उत्तरार्धात येते. पहाटे बोटावरचं सेन्सर निसटलं की नेमका तोच भाग हातचा जातो, आणि अहवाल मात्र व्यवस्थित छापून येतो. पाळी जायच्या वयात हा त्रास वाढतो, तेही तुमच्या वयाला लागू आहे.

म्हणून, घरची तपासणी करायला मिळत असेल तर आधी ती करा. 'आहे' आली तर काम झालं. 'नाही' आली आणि तुमचे हाल असेच राहिले तर तिथे थांबू नका, लॅबमध्ये रात्रभराची मागा. हे माझ्या मनचं नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०१७ च्या सूचनांतही तेच आहे. नुसत्या प्रश्नावलीवरून निदान करू नये, हेही त्यांनी त्याच सूचनांत म्हटलंय.

सहज_डोकावलो, घड्याळाने इशारा दिला तर जरूर ऐका. नाही दिला म्हणून निवांत राहू नका. ती सोय मध्यम-तीव्र त्रास असलेल्यांना सावध करण्यासाठी आहे, आणि त्यातलेही बरेच तिच्या हातून सुटतात.

भूलथाप

भूलतज्ज्ञ आहे, म्हणून एक पुरवणी. स्टॉप-बँग आमच्याच बिरादरीतून आलंय. टोरांटोच्या भूलतज्ज्ञ फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते २००८ मध्ये मांडलं, ऑपरेशनला आलेल्या रुग्णांसाठी. आम्हाला भीती असते ती भूल दिल्यावर आणि उतरताना घसा बंद होण्याची. त्यामुळे ऑपरेशनच्या आधी दोन मिनिटांत संशयित वेगळे काढणं हा त्याचा उद्देश. त्या कामाला ते झकास आहे. तीन-चार गुण आले की आम्ही सावध होतो, पाच किंवा त्याहून जास्त आले की जास्तच. पण थकवा, रात्रीची लघवी आणि सकाळची डोकेदुखी घेऊन स्वतःहून आलेल्या बाईला 'तुम्हाला काही नाही' असं सांगण्यासाठी तो कागद बनलेला नाही.

दुसरी एक प्रश्नावली आहे, एपवर्थ. आठ प्रसंग, प्रत्येकी ० ते ३ गुण, दहाच्या वर गेलं की दिवसा झोप जास्त. ती पुढे आली तर जपून. बऱ्याच बायका 'झोप येते' म्हणतच नाहीत, 'दमले' म्हणतात, आणि त्या कागदात दमण्याला गुण नाहीत.

रक्ताच्या नेहमीच्या तपासण्यांत बायकार्बोनेट आहे का बघा. जास्त वजनाच्या माणसात ते २७ किंवा वर असेल तर दिवसाही कार्बन डायऑक्साइड साचत असण्याची शक्यता असते. तो ॲप्नियाच्या पुढचा प्रकार, आणि तो असेल तर घरच्या यंत्रावर भागवू नये, थेट लॅब. सकाळची डोकेदुखी आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

थकव्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ बघितलंय का? मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असलं की बी-१२ कमी होऊ शकतं.

शंकासुर

सगळे एका सुरात बोलतायत म्हणून मी विरुद्ध बाजू मांडतो. अमेरिकेतल्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये स्पष्ट लिहिलंय की सर्वसाधारण प्रौढांची ॲप्नियासाठी सरसकट चाळणी करावी की नाही, हे ठरवायला पुरेसा पुरावा नाही. २०१६ मध्ये सेव्ह नावाचा मोठा अभ्यास आला, हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेले २,७०० हून अधिक ॲप्नियाचे रुग्ण. निम्म्यांना सीपॅप मशीन दिलं, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं. हार्ट अटॅक, पक्षाघात, मृत्यू यांत फरक पडला नाही. मग आधी तपासणी, मग मशीन, मग मास्क, हा फेरा कशासाठी? वजन उतरवलं तर शुगर, बीपी आणि घसा तिन्ही सुधारतात. डॉक्टर काही चुकीचं बोलले नाहीत.

तारजोड्या

शंकासुर, आकडे बरोबर आहेत. पण ते कुणाला लागू, ते बघा. २०२२ चं विधान तक्रार नसलेल्या किंवा आपली लक्षणं ज्यांच्या लक्षातच आलेली नाहीत अशा लोकांबद्दल आहे. पहाटपाच यांना तक्रार आहे, वर्षभराची आहे आणि ती त्यांनी तोंडाने सांगितलीय. तक्रार घेऊन आलेल्याची तपासणी म्हणजे चाळणी नव्हे, निदान. सेव्हमधून दिवसा फार झोप येणाऱ्यांना आणि रात्री ऑक्सिजन फार खाली जाणाऱ्यांना वगळलं होतं, आणि मशीन मिळालेल्यांनी ते वापरलं सरासरी रात्री ३.३ तास. अर्ध्या रात्रीहून कमी. म्हणून मी हार्ट अटॅक टळेल असं कुणाला सांगत नाही. पण दिवसाची गुंगी, गाडी चालवताना लागणारी डुलकी, सकाळचं डोकं, यासाठी ते काम करतं, आणि बीपीही थोडं उतरतं.

वजनाचं म्हणाल तर शंभर टक्के मान्य. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या लोकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेऊन २००० मध्ये छापलेला हिशेब असा की वजन दहा टक्के वाढलं तर हे प्रसंग ३२ टक्क्यांनी वाढतात, दहा टक्के उतरलं तर २६ टक्क्यांनी कमी होतात. म्हणजे तासाला ४० असतील तर वजन दहा टक्के उतरवूनही तीसच्या आसपास राहतील. आणि ज्याची रात्र दर दोन मिनिटांनी मोडते त्याला सकाळी उठून व्यायाम कर म्हणणं सोपं आहे. 'आधी वजन, मग तपासणी' हा क्रम मला पटत नाही. दोन्ही एकदम चालू द्या.

मुखवटाधारी

इतकी वर्षं मंचावर नुसता वाचतो, पण मास्कच्या भीतीवर लिहिलंच पाहिजे. मला मधुमेह आहे, इन्सुलिन घेतो, तासाला ४१ प्रसंग निघाले होते.

आधी एक इशारा. ताई, तुम्ही ग्लिमेपिराइड घेता, त्याने शुगर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. रात्री शुगर घसरली तरी सकाळी डोकं दुखतं, झोप खराब होते, घामाने कपडे ओले होतात. तेव्हा एक-दोन रात्री तीनच्या सुमारास उठून बोटाची शुगर बघा. ७० च्या खाली दिसली तर आधी तो गोंधळ मिटवा, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. दंडावर शुगर मोजणारा सेन्सर लावत असाल तर त्याच कुशीवर झोपल्याने आकडा खोटाच खाली दिसतो, घाबरून साखर खाऊ नका. बोटातून खात्री करा.

आता मशीन. ते हवा फुंकतं, ऑक्सिजन देत नाही, हा गैरसमज माझ्या घरातसुद्धा होता. हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो, इतकंच. कॉलिन सलिव्हन नावाच्या डॉक्टरने सिडनीत १९८१ मध्ये ही युक्ती छापली. तेव्हा म्हणे नाकावर मास्क रोज नव्याने चिकटवावा लागायचा. आजची मशीनं चार ते वीस सेंटिमीटर पाण्याच्या दाबात आपणहून खालीवर होतात, आणि झोप लागेपर्यंत दाब हळूहळू चढवायचीही सोय असते.

मला दिलेला पहिला मास्क नाक-तोंड दोन्ही झाकणारा होता. वरून हवा डोळ्यांत जायची. मी पट्टे आवळत गेलो, गळती वाढत गेली, नाकाच्या हाडावर लाल वळ. शेवटी पुरवठादाराकडच्या मुलीने मला आडवं पाडलं, मशीन चालू केलं आणि सगळे पट्टे सैल सोडून मास्क चेहऱ्यापासून थोडा उचलून परत ठेवला. गादी फुगून चेहऱ्याला बसली, आवाज बंद. बसून मास्क लावला तर आडवं झाल्यावर गालांचा आकार बदलतो, हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता नाकपुड्यांशी दोन छोट्या उशा टेकतात तो प्रकार वापरतो. चष्मा लावून वाचताही येतं. घुसमट होणाऱ्यांनी आधी संध्याकाळी जागेपणी, टीव्ही बघताना नुसता लावून बसावं. नाक कोरडं पडलं तर ओलावा देणारी टाकी चालू करा.

फरक काय पडला? सगळ्यात आधी रात्रीच्या फेऱ्या गेल्या. मग बायको म्हणाली, आता तू दुपारी माणसात असतोस. एचबीएवनसी मात्र होतं तिथेच आहे. ज्यांनी 'मशीनने शुगर सुधारेल' असं सांगितलं त्यांच्यावर मी थोडा चिडूनच आहे. अभ्यासांतही कुठे थोडी उतरते, कुठे काहीच नाही. शुगरसाठी मशीन घेऊ नका, झोपेसाठी घ्या.

वजनाच्या इंजेक्शनांबद्दल कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच. टिर्झेपाटाइडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठपणासोबतच्या मध्यम-तीव्र ॲप्नियासाठी मंजुरी मिळाली. पण ज्या चाचण्यांवर ती मिळाली त्यांत मधुमेह असलेल्यांना घेतलंच नव्हतं. आपल्यासारख्यांना फायदा होणार नाही असा याचा अर्थ नाही. त्या चाचण्यांचे निकाल जसेच्या तसे आपल्याला लागू धरू नयेत, एवढंच.

पहाटपाच

सगळ्यांचे आभार. गुणांचा हिशेब वाचून मी तो कागद पुन्हा काढून बघितला, आणि खरंच तसंच आहे.

तीन वाजता शुगर बघितली, १४० च्या आसपास होती, म्हणजे घसरण तरी नाही. बीपीच्या गोळीत लघवीचं औषध नाही. फोन उशाशी ठेवून आवाज रेकॉर्ड केला. ऐकताना मला स्वतःचीच लाज वाटली. घोरणं आहे, आणि मध्ये मध्ये एकदम सामसूम, मग कुणी दचकून उठावं तसा आवाज. तो तुकडा डॉक्टरांना ऐकवला. या वेळी ते हसले नाहीत, चिठ्ठी लिहून दिली. बायकार्बोनेट २८ निघालं म्हणून थेट लॅबमध्येच रात्रभरासाठी जायला सांगितलंय.

तारजोड्या, जाताना काय काळजी घ्यायची? मुख्य म्हणजे इतक्या तारा लावल्यावर रात्री उठून लघवीला जायचं कसं? आणि अहवालात नेमकं काय बघायचं?

तारजोड्या

२८ असेल तर थेट लॅबचा निर्णय योग्यच. रात्री कार्बन डायऑक्साइड मोजायची सोय त्यांच्याकडे आहे का, ते आधी विचारून ठेवा. रक्तातला वायू तपासायलाही सांगतील बहुतेक.

केस धुऊन या, तेल-जेल काही नको. टाळूवर तेल असलं की तारा पहाटेपर्यंत टिकत नाहीत आणि मग मला तुम्हाला उठवून पुन्हा चिकटवाव्या लागतात. एका बोटाचं नेलपॉलिश काढा. दुपारनंतर चहा-कॉफी नको, दुपारची झोपही नको. रात्रीच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या, झोपेची गोळी घेत असाल तर आधी सांगा. शुगर मोजायचं यंत्र आणि शुगर घसरली तर लागणारं गोड सोबत ठेवा, ते लॅबमध्ये असेलच असं धरून चालू नका. स्वतःची उशी आणा. पुढून बटणांचा सैल शर्ट असला तर पट्टे लावायला बरं पडतं.

लघवीची चिंता नको. सगळ्या तारा एका छोट्या डब्यात जातात. बेल दाबली की आम्ही येऊन तो डबा भिंतीपासून सोडवतो, तुम्ही तो गळ्यात अडकवून जायचं आणि परत आल्यावर जोडायचा. अवघडून पडून राहू नका. त्या एका फेरीसाठी लोक तासभर जागे राहतात आणि तेवढी झोप आमच्या हातची जाते.

थोडा वेळ उताणं झोपायला सांगतील, तेव्हा कंटाळा करू नका. काही जणांचा सगळा त्रास त्याच स्थितीत दिसतो.

अहवालात सरासरी आकड्यावर थांबू नका. रेम झोपेतला आकडा वेगळा दिलाय का बघा. सरासरी ९ आणि रेममध्ये ३५ असं बायकांमध्ये पुष्कळदा दिसतं. रेम झोप मुळात मिळाली किती, तेही बघा. उताणं असतानाचा आकडा, सगळ्यात खाली गेलेलं सॅच्युरेशन, आणि ९० च्या खाली एकूण किती मिनिटं गेली. तुमचं बायकार्बोनेट बघता हा शेवटचा आकडा डॉक्टरांना मुद्दाम विचारा. काही ठिकाणी पहिल्या निम्म्या रात्रीतच त्रास तीव्र दिसला तर उरलेल्या रात्री मशीन लावून बघतात. तशी परवानगी मागितली तर द्यायची की नाही ते घरूनच ठरवून जा, कारण रात्री दोन वाजता झोपेतून उठवून विचारलं की सगळेच 'नको' म्हणतात.